न वाचलेली पुस्तकं महाग: रेल्वे लाईन्समधल्या एका ट्रंकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात जुनी इंग्रजी फँटसी गेमबुकं, म्हणजे खेळत वाचायची पुस्तकं, जमवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतल्या एका संग्राहकाचं आणि एका लोखंडी ट्रंकेचं हे प्रकरण. नावं घेतलेली नाहीत, आणि घराची खूण पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. संग्राहकाला इथे ‘सर’ म्हणू. ते ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात, राहायला विजापूर रोडला.

सरांचा नाद शाळेपासूनचा. हैदराबादला लग्नाला गेले तरी रविवारी सकाळी आबिड्सच्या फुटपाथवर उकिडवं बसून पुस्तकांचे ढीग उपसणार. मुंबईला पेपर तपासणीच्या कामाला गेले की फ्लोरा फाउंटनला चक्कर ठरलेली. घरच्यांनी बोलणं कधीच सोडून दिलंय. ‘फायटिंग फँटसी’ या मालिकेतल्या ५९ पुस्तकांपैकी ५० त्यांच्या कपाटात होती. राहिलेली नऊ बहुतेक शेवटच्या क्रमांकांतली, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

इकडे रेल्वे लाईन्स भागात एक जुनं घर विकायला निघालं होतं. घरात काकू एकट्या. त्यांचे दीर, म्हणजे त्यांचे ‘भाऊजी’, मर्चंट नेव्हीत होते. लग्न केलं नाही. ब्रिटनच्या एखाद्या बंदराला बोट लागली की पुतण्यासाठी एक-दोन पुस्तकं घ्यायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. १९९६ ला निवृत्त होऊन ते याच घरात राहिले आणि २०१९ ला गेले. तीन वर्षांनी काकूंचे यजमानही गेले. पुतण्या, म्हणजे काकूंचा मुलगा, पुण्यात नोकरीला. घराचा व्यवहार ठरला, मेअखेर ताबा द्यायचा होता, आणि माळ्यावरून एकेक वस्तू खाली यायला लागली. शेजारची एक मुलगी सरांच्या वर्गात होती. तिनं ट्रंकेतल्या एका पुस्तकाचा फोटो पाठवून विचारलं, ‘सर, तुमची ती फाशांची पुस्तकं हीच का?’

ही पुस्तकं कसली

१९८२ साली पफिन या प्रकाशनसंस्थेनं फायटिंग फँटसीतलं पहिलं पुस्तक, ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’, छापलं. लेखक स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये ज्या तिघांनी सुरू केली त्यांतले हे दोघे. हे पुस्तक सलग वाचायचं नसतं. क्रमांक घातलेले ४०० परिच्छेद असतात, नायक तुम्ही स्वतः, आणि वाट तुम्हीच निवडायची. पहिल्याच परिच्छेदात गुहेतला रस्ता फुटतो: पश्चिमेला वळायचं तर ७१ वर जा, पूर्वेला तर २७८ वर. चुकलात तर मेलात, पुन्हा पहिल्यापासून. अर्थात, आधीच्या पानात बोट घालून ठेवलेलं असायचं म्हणून बहुतेक मुलं मरायची नाहीत.

सुरुवातीला फासे टाकून तीन आकडे ठरवायचे. स्किल म्हणजे एका फाशाचा आकडा अधिक ६, स्टॅमिना म्हणजे दोन फाशांची बेरीज अधिक १२, लक पुन्हा एका फाशाचा आकडा अधिक ६. लढाईत दोन्ही बाजूंनी दोन-दोन फासे टाकून त्यात स्किल मिळवायचं. ज्याची बेरीज मोठी त्याचा वार लागला, समोरच्याचा स्टॅमिना २ नं कमी. हा सगळा हिशेब पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या ‘ॲडव्हेंचर शीट’वर पेन्सिलीनं लिहायचा. थोडक्यात, पुस्तकानंच पुस्तकात लिहायला लावलेलं. म्हणून कोरी प्रत मिळणं मुश्कील.

बाकी मालिकाही निघाल्या. १९८४ मध्ये जो डेव्हरची ‘लोन वुल्फ’ आली. तिच्यात फासे लागत नाहीत, मागच्या आकड्यांच्या तक्त्यावर डोळे मिटून पेन्सिल टेकवायची. पण संग्राहकांचा जीव अडकतो तो फायटिंग फँटसीच्या ५९ पुस्तकांत.

त्यांच्या भावाची गंमत समजल्याशिवाय पुढचं प्रकरण कळणार नाही. सुरुवातीची पुस्तकं प्रचंड खपली, पुन्हा पुन्हा छापली गेली, म्हणून आजही ढिगानं मिळतात. नव्वदीत मुलं व्हिडिओ गेमकडे वळली, खप आटला, छपाई कमी झाली. १९९५ मध्ये क्रमांक ५९ काढून पफिननं मालिका थांबवली. त्यामुळे ‘जितकं जुनं तितकं महाग’ हे सूत्र इथे उलटं चालतं. पहिल्या दहा-पंधरा क्रमांकांच्या साध्या प्रतींना फारसं कोणी विचारत नाही आणि शेवटच्या चार-पाचांसाठी माणसं भांडतात. अपवाद अगदी पहिल्या छपाईचा. मुखपृष्ठामागच्या पानांत प्रकाशनाची माहिती असते, तिथे १९८२ च्या खाली ‘पुनर्मुद्रण’ अशा अर्थाची एकही ओळ नसेल तर गोष्ट वेगळी. अशी ‘वॉरलॉक’ची प्रत सरांनी आजवर प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

अडचण

शनिवारी संध्याकाळी सर काकूंकडे गेले. ट्रंकेत २६ फायटिंग फँटसी, ५ लोन वुल्फ, याच मालिकेच्या ‘वॉरलॉक’ नावाच्या नियतकालिकाचे तीन अंक, ल्युडोचे दोन फासे आणि एक चौकटीची वही निघाली. हे नियतकालिक १९८४ ते १९८६ इतकंच चाललं, एकूण १३ अंक. आपल्याकडे त्याचा एखादा अंक दिसणं म्हणजे नवलच.

वरच्या थरातली पुस्तकं पार खिळखिळी झाली होती. डांबरगोळ्यांचा वास, कसरीनं चाटलेली मुखपृष्ठं, मणक्यावर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर, उभ्या भेगा. सरांनी ‘द फॉरेस्ट ऑफ डूम’ उघडलं. शीटवर पेन्सिलीनं लिहिलेलं: स्किल १२, स्टॅमिना २४, लक १२. दुसरं पुस्तक उघडलं, तेच आकडे. तिसऱ्यातही तेच. गणिताच्या सरांना हसू आवरेना. तिन्ही आकडे एकदम सर्वांत मोठे पडण्याची शक्यता १,२९६ मध्ये १, आणि या पोराला ते दर पुस्तकात पडत होते. ‘सिटी ऑफ थीव्हज’मध्ये तेवढं स्किल ७ लिहून खोडलेलं होतं आणि त्यावर १२ गिरवलेलं. सामानाच्या चौकटीत इंग्रजीखाली देवनागरीत ‘दोरी, कंदील, भाकरी ८’. चौकटीच्या वहीत पहिल्या पुस्तकातल्या झागोर जादूगाराच्या डोंगराखालच्या भूलभुलैयाचा नकाशा, एक चौकोन म्हणजे एक खोली, लाल पेन्सिलीचे बाण, आणि तीन ठिकाणी फक्त ‘मेलो’.

ट्रंकेच्या तळाशी मात्र दुकानाची कागदी पिशवी होती, वरून दुमडलेली. आत तीन पुस्तकं: क्रमांक ५५, ५६ आणि ५८. मणके सरळ, कोपरे टोकदार, शीट कोरं. ही १९९४-९५ ची पुस्तकं. पुतण्या १९९३ लाच इंजिनिअरिंगला होस्टेलवर गेला होता. काकांनी सवयीनं घेतली, आणि द्यायचं राहून गेलं. ज्या पुस्तकांवर पोरानं जीव टाकला ती बाजारात कवडीमोल, आणि जी कोणी उघडलीच नाहीत ती मोलाची.

५६ आणि ५८ सरांकडे नव्हती. इथे खरी अडचण सुरू झाली. त्या खोलीत किंमत कळणारा माणूस एकच, आणि घेणाराही तोच.

काकू म्हणाल्या, “काय द्यायचं ते द्या ओ सर, मला घर मोकळं करायचंय.”

“आज किंमत सांगत नाही काकू,” सर म्हणाले. “आधी नीट यादी करू.” आणि ते घरी आले.

गप्प राहण्याचा अर्थ

सरांच्या मनात हा संयम होता. समोरच्या बाईच्या अज्ञानाचा फायदा घ्यायचा नाही, मोहाच्या भरात आकडा बोलायचा नाही, दोन दिवस जाऊ द्यायचे. हेतूबद्दल शंका घ्यावी असं काही नाही. पण काकूंनी त्याचा अर्थ साधा सरळ लावला: यात काही दम नाही, सरांना तोंडावर सांगायला अवघड वाटलं. मुलाला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. “टाकून दे आई, कोण वाचतंय आता,” एवढं बोलून त्यानं ठेवला.

मंगळवारी रद्दीवाला आला. किलोला १४ रुपये. पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाऊजींची जुनी कागदपत्रं सगळं एकाच ढिगात. सुदैवानं जाड पुस्तकं दोरीनं बांधायला वेळ लागत होता, म्हणून त्यानं आधी मासिकं उचलली आणि बाकीचं दुपारी नेतो म्हणाला. मधल्या वेळात शेजारची मुलगी आली, ढीग बघून तिनं कॉलेजात सरांना फोन लावला. सर दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत स्कूटरवर पोचले. पुस्तकं बचावली. ‘वॉरलॉक’चे तीन अंक गेले ते गेलेच. रद्दीवाल्यानं माल त्याच दिवशी पुढे दिला होता आणि गठ्ठा बांधून झाला होता.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच आहे, नंतरचा पैशांचा व्यवहार नव्हे. जाणकार माणूस गप्प बसला की समोरच्याला तेही उत्तरच वाटतं. आकडा न सांगताही एक वाक्य बोलता आलं असतं: यातली काही पुस्तकं हजारांत जातात, रद्दीत काहीही देऊ नका. त्यानं सरांचा सौदा बिघडला नसता आणि मासिकं बचावली असती.

त्याच दिवशी आणखी एक प्रकार घडला. सर पोचले तेव्हा काही पुस्तकं गच्चीत चादरीवर उन्हात वाळत घातलेली होती, वास जावा म्हणून. एप्रिलचं सोलापुरी ऊन, गच्चीचा गिलावा पायाला चटके देणारा. काकूंचं चुकलं असं कसं म्हणायचं? गाद्या, डाळी, मसाले सगळं आपण असंच वाळवतो. पण छपाईच्या रंगांतला पिवळा आणि किरमिजी उन्हानं आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. असं ऊन रोज खाल्लं की या मालिकेचे हिरवे मणके निळसर दिसायला लागतात. आणि पाठीचा जुना गोंद आधीच कोरडा असतो, उन्हानं तो आणखी ठिसूळ होतो, मग पुस्तक पालथं उघडलं की पानांचा गठ्ठाच हातात येतो. सरांनी सगळं आत सावलीत घेतलं.

पर्याय

रात्री मुलाशी नीट फोन झाला. सरांनी त्याला स्वतःच्या शीटचे फोटो पाठवले होते. फोन सुरू झाल्यावर तो बराच वेळ फक्त त्या खोडलेल्या ७ बद्दलच बोलत होता. ‘टाकून दे’ म्हणणारा माणूस दोन दिवसांत ‘सगळं ठेवायचंय’ म्हणायला लागला. पण पुण्यातला फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि पोरांना ही पुस्तकं नकोत.

सगळं एकरकमी सरांना द्यावं, असं काकूंचं म्हणणं. सोपं, लगेच होणारं, पण आकडा कोण ठरवणार हा प्रश्न जिथल्या तिथे. गावातल्या वाचनालयाला द्यावं, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. वाचनालय चांगलंच, पण तिथे शिक्के बसणार, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटणार, आणि ५६ व ५८ चं मोल एका दुपारीत जाणार. शिवाय इंग्रजी गेमबुक घरी नेऊन खेळणारं पोर किती मिळेल?

मुलाला वाटत होतं परदेशी लिलावाच्या साइटवर एकेक पुस्तक टाकावं. भाव चांगला मिळाला असता. पण फोटो, वर्णन, परदेशी पार्सल, कस्टम्सचे कागद, प्रत परत आली तर काय, हे सगळं कोण करणार? काकूंना जमणारं नव्हतं, मुलाला वेळ नव्हता. सर करून द्यायला तयार होते, पण मग पुन्हा सगळं त्यांच्याच हातात.

सरांनी या टप्प्यावर एक चांगली गोष्ट केली. मुलाला एक पानभर टिपण लिहून पाठवलं: कुठल्या क्रमांकाला मागणी आहे, कशाला नाही, छपाईचं पान कसं वाचायचं, आणि साइटवर मागितलेली किंमत न बघता विकून संपलेल्या सौद्यांची किंमत कशी बघायची. लोक काहीही मागतात, महिनोन्‌महिने कोणी घेत नाही, आणि नवखा माणूस तोच भाव धरून बसतो. टिपणाच्या शेवटी सरांनी लिहिलं, ‘५६ आणि ५८ मला हवी आहेत. त्यामुळे त्यांच्याबद्दलचं माझं मत एका घेणाऱ्याचं मत म्हणून वाचा.’ हेच वाक्य शनिवारी काकूंसमोर बोलायला हवं होतं.

मालकी कोणाची

हा मुद्दा कोणाच्याच डोक्यात नव्हता. टिपण वाचताना मुलाच्या बायकोनं सहज विचारलं, तळातली तीन पुस्तकं नक्की कोणाची?

वरची पुस्तकं काकांनी पुतण्याच्या हातात दिलेली. जंगम वस्तूची भेट हातात दिली की पुरी होते, ती त्याचीच. तळातली तीन त्याला मिळालीच नव्हती, ती काकांच्या ट्रंकेत, काकांच्या ताब्यात राहिली. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. ओळखीच्या वकिलांनी हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ समोर ठेवून सांगितलं: माणूस अविवाहित, आई-वडील आधी गेलेले, तर त्याच्या मागे हयात असलेले भाऊ आणि बहीण बरोबरीचे वारस. भाऊ म्हणजे काकूंचे यजमान तेव्हा हयात होते, त्यांचा अर्धा हिस्सा पुढे काकूंकडे आणि मुलाकडे आला. उरलेला अर्धा विजापूरच्या आत्यांचा.

“तीन पुस्तकांसाठी वन्संना कुठे त्रास द्यायचा,” असं काकू म्हणाल्या, पण मुलानं त्याच रात्री आत्यांना फोन केला. हा निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. घरविक्रीच्या वेळी भावकीत तसंही सगळं नाजूक असतं. पुढे कधी ‘पुस्तकं विकली, मला सांगितलंसुद्धा नाही’ असं निघालं असतं, तर रकमेपेक्षा ते वाक्य महाग पडलं असतं. आत्या म्हणाल्या, एक पुस्तक नातवाला द्या, बाकी विका, निम्मं निम्मं.

कृती

नातवासाठी ५५ बाजूला काढलं. ते सरांकडे आधीच होतं, तेव्हा त्यांचा त्यात जीव अडकलेला नव्हता.

५६ आणि ५८ साठी बंद पाकिटाची पद्धत ठरली. सरांनी ओळखीचे दोन संग्राहक सुचवले, एक बंगळूरचा, एक मुंबईचा. मुलानं तिघांना एकसारखे फोटो पाठवले: मुखपृष्ठ, मणका, चारही कोपरे, छपाईचं पान, कोरं शीट. रविवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकानं आपला आकडा फक्त मुलाला कळवायचा, जास्त आकड्याला पुस्तक, नंतर घासाघीस नाही. सरांनी स्वतःचा आकडा सगळ्यांत आधी, दुपारीच पाठवला.

पुस्तकं तोवर सरांकडे ठेवायची होती, आणि कसर लागलेला माल कपाटाजवळ न्यायचा नाही हा त्यांचा जुना दंडक. बाहेरून आलेलं प्रत्येक पुस्तक ते हवाबंद पिशवीत घालून एका मित्राच्या आइस्क्रीमच्या दुकानातल्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवतात. उणे १८ ला कीड आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. मित्र दर वेळी वैतागतो, पण कुल्फीच्या डब्यांशेजारी कोपरा मोकळा ठेवतो.

जुन्या पुस्तकांच्या शीटवरचं पेन्सिलीचं लिखाण खोडायचं का, हाही प्रश्न आला. संग्राहकाच्या नजरेनं तो डागच. मऊ व्हिनाइल खोडरबरानं बरंच निघतं, भाव थोडा वाढतो. मुलानं ठाम नकार दिला आणि सरांनीही आग्रह धरला नाही. त्या प्रतींना तसाही फारसा भाव नव्हता, आणि लिखाण गेलं असतं तर उरलं काय असतं, दुसऱ्या कुठल्याही प्रतीसारखी एक प्रत. भेगा पडलेल्या मणक्यांना सेलोटेप लावायचा काकूंचा विचारही सरांनी हाणून पाडला. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही.

निष्पत्ती

५६ सरांना ७,५०० रुपयांना मिळालं. ५८ बंगळूरला गेलं, ११,००० ला. सरांचा आकडा ९,००० होता. मुंबईच्या संग्राहकानं दोन्हींना तोंडदेखले आकडे टाकले. एकूण १८,५००, त्यातले ९,२५० विजापूरला आत्यांच्या खात्यात. काकूंनी आपल्या वाट्यातून भाऊजींच्या नावानं सिद्धेश्वराच्या अन्नदानाला काही रक्कम दिली.

मुलानं लहानपणी सर्वांत जास्त खेळलेली सहा पुस्तकं, फासे आणि चौकटीची वही पुण्याला नेली. उरलेली फायटिंग फँटसी आणि लोन वुल्फ सरांनी एकरकमी घेतली, मुलानं सांगितलेल्या भावात. त्यातली बहुतेक त्यांच्याकडे होतीच. ती ते वर्गातल्या पोरांना खेळायला देतात. वहीतल्या भूलभुलैयाच्या नकाशाचा फोटो काढायची परवानगी मागितली, ती मिळाली. वही विकत मागितली होती, त्याला मुलानं उत्तरही दिलं नाही.

५५ चं काय झालं तेही सांगतो. आत्यांच्या नातवानं आठवडाभरात ते खेळून संपवलं, आणि शीट बॉलपेननं भरलं. स्किल १२.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीच्या गप्प बसण्याबद्दल वर लिहिलंच आहे. त्याला जोडून एक साधी गोष्ट: त्याच संध्याकाळी ट्रंकेतल्या सगळ्या वस्तूंचे फोटो काढून ठेवले असते तर मासिकांचे अंक कोणते होते हे तरी आज कळलं असतं. सरांना दोन मुखपृष्ठं आठवतात, तिसरं नाही.

मालकीचा प्रश्न शेवटी विचारला गेला, तोही सुनेनं. मृताच्या घरातून संग्रह निघतो तेव्हा तो पहिला असायला हवा. घेणाऱ्यानं विचारला तर आगाऊपणा वाटेल ही भीती खरी आहे, पण ‘यात अजून कोणाचा वाटा आहे का’ एवढं विचारायला हरकत नसावी. आत्या मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या म्हणून निभावलं. एखाद्या घरात नोटीस आली असती.

आणि बंद पाकिटाची पद्धत. सरांना ती पूर्ण न्याय्य वाटते. मला निम्मीच पटते. प्रतिस्पर्धी कोण, हे सरांनीच सुचवलं. त्यांनी मुद्दाम कमकुवत माणसं निवडली असं मी म्हणत नाही, बंगळूरच्या संग्राहकानं त्यांना हरवलंच. पण ५६ ला खरा दुसरा घेणारा नव्हता. बंगळूरवाल्याकडे ते आधीपासून होतं आणि हे सरांना माहीत होतं. मुलाला माहीत नव्हतं. तेवढी एक ओळ टिपणात हवी होती, म्हणजे मुलानं त्या एका पुस्तकासाठी तरी बाहेरचा चौथा माणूस शोधला असता. सरांचं म्हणणं, मी घातलेला आकडा विकून संपलेल्या सौद्यांच्या सरासरीपेक्षा कमी नव्हता, टिपणात पद्धत दिली होती, त्यानं पडताळून बघायचं होतं. पण विकणाऱ्यानं पडताळावं अशी अपेक्षा धरताना त्याला घर रिकामं करून मेअखेर किल्ल्या द्यायच्या होत्या, हेही मोजायला हवं.